आराखड्याखालची सही

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही देवणीस गेलो असता जुन्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ सकाळीच भेटीस आले. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. पदवीनंतर त्याने पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. केले आणि आज तो एका संस्थेत पाणलोट विकासाचे आराखडे तयार करण्याच्या कामावर आहे. त्याच्या शिक्षणाच्या खर्चापायी या गृहस्थांनी आपली देवणी बैलांची जोडी विकली होती. आमच्या गावाचे नाव ज्या जनावरांमुळे दूरदूरच्या बाजारांत माहीत झाले, त्यांत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन भेद रंगावरून मानतात. ही जोडी वानेरा होती, आणि तिच्या तोंडावरील काळ्या छटेचे वर्णन हे गृहस्थ आजही घरच्या माणसाचे करावे तसे करतात. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. "सर, पोरगं म्हणतंय, आराखडा आता मशीनच करायलंय. संध्याकाळी आकडे घातले की सकाळी तयार. मग ह्याचं पुढं कसं व्हायचं?"

पालकांनी प्राध्यापकास असे प्रश्न विचारावेत हे आता रूढच झाले आहे. पूर्वी हे काम जोशीबुवांकडे असे. ते निदान पंचांग तरी उघडीत. आम्ही तेवढेही करीत नाही आणि बेधडक सांगतो. त्या दिवशी मात्र आम्हांस चटकन काही सांगता आले नाही. वरवर पाहता प्रश्न पोटाचा होता, आणि पोटाच्या प्रश्नास तत्त्वज्ञानाने उत्तर देणे हे सुशिक्षितांचे जुने व्यंग आहे हे आम्ही जाणतो. परंतु विचार करू लागल्यावर त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला दिसला, आणि तो आमच्याही अंगाशी येणारा होता.

प्रथम हे काम काय आहे ते सांगणे अवश्य आहे. पावसाचे पाणी ज्या उंचवट्यावरून निघून ज्या एका ओढ्यास मिळते, तेवढ्या क्षेत्रास पाणलोट म्हणतात. त्या क्षेत्रात माथ्यापासून पायथ्यापर्यंत काय काय करावयाचे, म्हणजे उतारावर सलग समतल चर कोठे खणावयाचे, घळीत दगडी बांध कोठे घालावयाचे, ओढ्यावर माती नालाबांध किंवा गॅबियन बंधारा कोठे बसेल, गवत व झाडे कोठे लावावयाची, हे सारे गट नंबर देऊन लिहून काढणे म्हणजे आराखडा. आमच्याकडील जमीन काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेली आहे. पाणी राहते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. खालच्या अखंड पाषाणात ते शिरतच नाही. म्हणून पाच-पन्नास पावलांच्या अंतराने एक बंधारा विहिरी भरतो आणि दुसरा नुसता चिखल धरून बसतो. पूर्वी हे ओळखण्यासाठी माणसे पाण्याची नळी घेऊन उतार मोजीत, ठिकठिकाणी खड्डा घेऊन मातीची खोली पाहत, गावकऱ्यांसह शिवारफेरी करीत, आणि एका गावाच्या आराखड्यास महिना-दोन महिने सहज लागत.

आता उपग्रहाने टिपलेल्या उंचसखलपणाच्या नकाशावरून संगणक क्षणार्धात ओढे, उपओढे आणि उतार काढून देतो. केंद्र सरकारच्या पाणलोट कार्यक्रमासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने 'सृष्टी' नावाचे नकाशांचे दालन आणि 'दृष्टी' नावाचे मोबाईलवरील साधन केव्हाच करून दिले आहे. आमच्या जिल्ह्यातही चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचे गणित मुंबईच्या आय. आय. टी.तील मंडळींनी बसवून दिले. ड्रोन आले. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिने राहिलेला भागही उचलला. अहवालाची प्रस्तावना, गावाची माहिती, अपेक्षित लाभ आणि शेवटचा समारोप ती बसल्या बैठकीस लिहून देते. आणि खरे सांगावयाचे तर आमच्या पुष्कळ पदवीधरांपेक्षा बऱ्या भाषेत देते.

हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. यंत्र आले की गळा काढावयाचा ही आमच्या वर्गाची एक हौस आहे, आणि ती बहुधा आपल्या स्वतःच्या दारात यंत्र येईपर्यंत सुप्त असते. कारण मातीच्या कामात यंत्र प्रथम आले ते नियोजकाच्या टेबलावर आलेच नाही. १९७२ च्या दुष्काळात हा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा पुढे १९८२ साली झाला. आमच्या मातोश्री त्या काळात खडी फोडावयास जात, आणि कामावर मिळालेली सुकडी व मिलोची लाल भाकरी यांची चव त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा दुष्काळी कामांवर होती. त्यांतूनच, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला. पाझर तलाव आणि नालाबांध ही कामे माणसाच्या हातांनी करावयाची, म्हणजे पाणीही अडेल आणि चूलही पेटेल, असा त्यातला दुहेरी हिशेब होता. पुढे जेसीबी आला. शंभर माणसांचे आठवड्याचे काम तो दिवसात उरकू लागला आणि ओढ्याच्या काठावरून टोपली-फावडे हळूहळू नाहीसे झाले. त्या वेळी आम्ही नियोजक, प्राध्यापक, अधिकारी यांपैकी कोणी लेख लिहिला होता काय? आम्हांस आठवत नाही. उलट कामाचा वेग पाहून आम्ही संतोषच मानला.

त्या वेगाचे फळ काय मिळाले, हेही पाहण्याजोगे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि तरीही भूजल वाढविण्याच्या बाबतीत त्याचा परिणाम अल्पच दिसला, असा अभिप्राय नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात दिला. त्या अभिप्रायावर पुष्कळ वाद झाला, आणि अभियानही पुढे दुसऱ्या टप्प्याच्या नावाने पुन्हा सुरू झाले. त्या वादात शिरण्याचे आम्हांस कारण नाही. ओढे खोल व रुंद करणारी यंत्रे गावोगाव फिरली, माथ्यावरचे चर व गवत मात्र मागे राहिले, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. गवतास यंत्र लागत नाही, आणि ज्यास यंत्र लागत नाही त्याचे देयकही मोठे होत नाही.

याच अभियानाच्या काळात, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या गाडीत १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते; पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरांची गाडी येऊ लागली. साऱ्या देशाने ती नवलाने पाहिली. आम्ही त्या दिवसांत वर्गात मुलांस एक सोपे गणित घातले होते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. आमच्याकडे सरासरीने वर्षास ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी एका एकरावर वर्षभरात २८ लाख लिटर पाणी पडते. म्हणजे ती मोठी गाडी, वाघिणींची रांग, पोलीस बंदोबस्त आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्रे हे सारे मिळून एका एकरावरच्या पावसाएवढेदेखील नव्हते. तेव्हा हे गणित सोडवून प्रथम बोलून दाखविणारा मुलगा म्हणजे वर ज्याचा उल्लेख आला तोच. त्या तासानंतर त्याने आपली दिशा ठरविली असे तो सांगतो. त्यामुळे त्याच्या भवितव्याच्या प्रश्नातून आम्हांस अंग काढून घेता येत नाही.

आता आमच्या अंगाशी येणारी गोष्ट. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही अशाच आराखड्यांची तपासणी करणाऱ्या एका समितीवर होतो. कोणती, ते सांगण्यात हशील नाही. आराखड्यांचे गठ्ठे येत, आम्ही चार-पाच जण बैठकीस जमत असू, चहा येई, प्रवासभत्त्याचे कागद येत. एका गावाच्या आराखड्यात चौदाव्या पानावर दुसऱ्याच गावाचे नाव राहून गेलेले होते. ते आम्हीच दाखविले, सर्वजण हसलो, शाईने नाव दुरुस्त केले आणि सही केली. नाव जर उसने होते तर बाकीचे पान कोणाचे असेल, हा विचार कोणाच्या मनात आला नाही, किंवा आला तरी जेवणाची वेळ झाली होती. त्या आराखड्यातील एक नालाबांध जुन्या नकाशावरून ठरविला होता. ओढ्याने मधल्या काळात पात्र बदलले होते. हे तेथे जाऊन उभे राहणाऱ्या कोणासही दिसले असते. बांध झाला, आणि पाण्याचा फुगवटा एका लहान शेतकऱ्याच्या दोन एकरांत शिरला. दोन पावसाळे त्याचे सोयाबीन उभ्याने कुजले. माहितीच्या अधिकारात काढलेली आराखड्याची प्रत घेऊन तो आमच्या घरी आला, शेवटचे पान उघडून त्याने बोट ठेवले आणि विचारले, "ही सही तुमचीच का?"

तो भांडला नाही. त्यास वाटले असावे की ज्याने सही केली त्याने जागा पाहिली असणार, आणि पाहूनही असे का केले याचे काही शास्त्रीय कारण असणार. ते कारण ऐकावयास तो आला होता.

म्हणून, यंत्र माणसाचे काम हिरावून घेते असे कोणी म्हटले की आम्हांस प्रथम ते चौदावे पान आठवते. आराखडा नकलून काढण्याचे काम यंत्राने आमच्याकडून घेतले खरे. पण त्यापूर्वी आम्हीच ते यंत्रवत करून ठेवले होते. ठरीव नमुना, ठरीव परिच्छेद, ठरीव 'लोकसहभाग', ग्रामसभेच्या ठरावावरील ठरीव अंगठे. आम्ही रिकामे करून ठेवलेल्या घरात यंत्र राहावयास आले, तर त्यास चोर कसे म्हणावे? आज आमच्या विद्यार्थ्याच्या संस्थेत पाच माणसांच्या जागी दोघांची गरज उरेल असे बोलले जाते. त्या पाचांपैकी तिघे दिवसभर काय करीत होते, हा प्रश्न क्रूर आहे, तथापि खोटा नाही.

येथे कोणी म्हणेल की असो, नकलेचे काम गेले तर जाऊ द्या, माणसाचे असे खास काम उरतेच. ते कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. कारण या 'खास कामा'च्या नावाखाली पुष्कळ गोड बोलले जाते. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, तो या बाबतीत आम्हांस फार बोलका वाटतो. पाणी अडविण्याचे तंत्र त्यांच्याजवळ होते, ते स्वतः अभियंते होते. पण त्या प्रयोगाचे मर्म पाणी वाटण्यात आहे. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या मोजणीने द्यावयाचे. भूमिहीनालाही त्यात वाटा. आणि ऊस लावावयाचा नाही. पर्जन्यमानाचे कितीही वर्षांचे आकडे कोणत्याही यंत्रात घातले तरी हा नियम त्यातून आपोआप निघत नाही. विचारले तर यंत्र तो सांगेलही, त्याचे दहा फायदे आणि दहा तोटेही सांगेल. पण ज्याच्या विहिरीस पाणी आहे आणि ज्याच्या मनात ऊस आहे, त्याच्या ओट्यावर बसून हा नियम त्याच्या गळी उतरविणे, आणि तो चिडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच ओट्यावर जाऊन बसणे, हे काम वेगळे.

पाणलोटाच्या कामात एक अन्याय मुळातच दडलेला असतो, त्याची चर्चा आमच्या मते फारच थोडी होते. माथा राखावयाचा म्हणजे तेथे चराईबंदी आली. माथ्यावर जनावरे चारतो कोण? धनगर, तांड्यावरचे लमाण, ज्यास चार शेळ्यांखेरीज काही नाही असा मजूर. आणि माथा राखल्याने पाणी मुरून वर येते कोठे? पायथ्याच्या विहिरींत, आणि त्या विहिरी जमीनवाल्यांच्या. म्हणजे त्याग वरच्याने करावयाचा आणि बागाईत खालच्याने. नकाशात माथा हिरव्या रंगाने दाखवितात, पायथा निळ्या. हा व्यवहार कोणत्याच रंगाने दाखवीत नाहीत. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारास चराईबंदी टिकली, शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस न लावण्याचा नियम टिकला, त्याचे कारण १९८९ पासून पोपटराव पवारांनी व ग्रामसभेने तो वर्षानुवर्षे माणसांच्या तोंडावर बोलून टिकविला हे होय. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून सरकारने पलटणी व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ताली व बंधारे बांधून घ्यावेत, असे सुचविले होते. म्हणजे काय करावयाचे हे ज्ञान १८८३ सालीही मराठीत लिहिलेले होते. त्यानंतरची सारी वर्षे ते ज्ञान कमी पडले म्हणून गेली नाहीत.

परंतु याच ठिकाणी आमचा युक्तिवाद अडतो, आणि अडतो हे कबूल केले पाहिजे. हे ओट्यावर बसण्याचे काम जर खरे काम, तर त्यास पगार कोण देतो? आमच्या विद्यार्थ्याची नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची आहे. त्याच्या कामाचे माप आराखड्यांच्या संख्येत घेतात, ओट्यांच्या संख्येत घेत नाहीत. यंत्राने जो वेळ वाचला तो त्याने शिवारात घालवावा अशी आमची इच्छा. संस्थेची इच्छा अशी की त्याने त्याच वेळात आणखी दहा गावे उरकावीत. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात शंका घेतली होती की आजवरच्या यांत्रिक शोधांनी कोणाही माणसाचे दिवसाचे कष्ट हलके झाले आहेत की नाहीत. योगायोग असा की त्याच प्रकरणात त्याने दुसरीही एक भीती बोलून दाखविली आहे: सारी भूमी माणसाच्या उपयोगाखाली आणून निसर्गाच्या आपल्या आपण चालणाऱ्या व्यापारास जागाच उरली नाही, तर ते जग पाहण्यात कसले समाधान? महाविद्यालयात ही दोन वाक्ये आम्ही दोन निरनिराळ्या तासांना शिकवीत आलो. ती एकाच काळजीतून निघाली आहेत हे आम्हांस देवणीच्या माळावर कळले.

त्याहूनही मोठी भीती सहीची आहे. यंत्रास सही करता येत नाही, म्हणून माणूस लागेलच, असे काहीजण समाधान मानतात. लागेल, पण कशासाठी? पन्नास गावांचे आराखडे यंत्र करील आणि त्यांखाली सही करण्यास एक तरुण ठेवला जाईल. त्यास पन्नास गावे पाहणे शक्य नसेल हे सर्वांस माहीत असेल. बांध चुकला की यंत्राची चौकशी होणार नाही; शेतकरी प्रत घेऊन येईल तो त्या तरुणाकडे. आम्ही निदान आळसाने सही केली होती, म्हणजे न करण्याचे स्वातंत्र्य आम्हांस होते. या मुलाकडून ते स्वातंत्र्यही काढून घेऊन वर जबाबदारी मात्र त्याच्या नावे ठेवावयाची, यास नोकरी म्हणावे की जामिनकी, हे आम्हांस ठरविता येत नाही.

त्या सुटीत एके दिवशी मुलगाही आला होता. त्यास बरोबर घेऊन आम्ही गावाबाहेर ओढ्याच्या काठाने फिरावयास गेलो. त्याने मोबाईलवर यंत्राने काढलेला नकाशा उघडला. एका बाभळीच्या बेटामागे एक घळ असल्याचे यंत्र दाखवीत होते. आमचा जन्म या गावातला, आणि तेथे काही नाही असे आम्ही ठासून सांगितले. झुडपे बाजूस सारून पाहिले तो पुरुषभर खोल घळ! यंत्राचे बरोबर होते. पुढे एके ठिकाणी त्याने बंधारा सुचविला होता. जागा उत्तम, दोन्ही काठ उंच, खाली मुरूम. मुलगा बराच वेळ तेथे उभा राहिला. मग म्हणाला, "सर, पाणी इथं तुंबलं की पलीकडच्या तांड्याची पायवाट बुडंल. लेकरं ह्याच वाटंनं शाळेत येतात." नकाशात पायवाट नव्हती. "मग?" आम्ही विचारले. "मग जागा बदलायची, नाही तर वर फरशी टाकून द्यायची. पण तांड्यावर जाऊन विचारावं लागंल. त्याला दोन दिवस लागतील." आणि जरा थांबून, "दोन दिवस कुठून आणू?"

परतीच्या दिवशी त्याचे वडील उदगीरच्या गाडीवर आम्हांस पोचवावयास आले. आमचे उत्तर अजून द्यावयाचे राहिले होते. स्थानकावर उभ्या उभ्या आम्ही सांगितले की या धंद्यात जागा थोड्या उरतील आणि पगार फार वाढेल असे दिसत नाही. त्याने नोकरी सोडू नये, यंत्राचे काम इतरांहून अधिक चांगले शिकावे, आणि जी जागा पाहिली नाही तिच्या कागदावर सही करू नये. गृहस्थांनी ते लक्षपूर्वक ऐकले. बैल विकताना गिऱ्हाइकाकडे पाहत असतील तसे त्यांनी आमच्याकडे पाहिले.

"सर," ते म्हणाले, "सही न करणाऱ्याला पगार कोण देईल?"

गाडी लागली होती. आम्ही पिशवी उचलली आणि वर चढलो.